मध्यवर्ती अण्णा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या अण्णा दिघ्यांनी मुंबईवर ताट पालथं घातलं आहे. खरोखरचं, स्टीलचं, जेवायचं ताट. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर मुंबई आणि आसपासचा भलामोठा नकाशा आहे. त्यात कांजूरमार्गच्या जागी एक लाल टिकली चिकटवलेली आहे, आणि ती बरोबर मधोमध येईल असं ताट धरून अण्णांनी भोवती पेन्सिलीने गोल मारला आहे. गोलात ठाणं, कल्याण, वसईचा किल्ला, गेटवे, घारापुरी, सगळं येतं. बोरीवलीही येते. पण अण्णा म्हणतात, "आत असणं वेगळं आणि मध्ये असणं वेगळं."

"बघ सुषमा," ते मला नेहमी ऐकवतात, "मुंबई बघायला येणारा माणूस पहिली चूक कुठे करतो? तळ निवडताना. उतरतो अंधेरीला, जायचं असतं टिटवाळ्याला, आणि मग पायाचे तुकडे पडतात. तळ मध्यवर्ती हवा. एकदा बॅग उघडली की परतीच्या दिवसापर्यंत बंद करायची नाही."

आणि मध्यवर्ती म्हणजे कांजूरमार्ग, कांजूरमार्गात आमची सोसायटी, सोसायटीत दुसरा मजला, आणि दुसऱ्या मजल्यावर अण्णांचा हॉल.

आता खरं सांगू का, कांजूरमार्ग बघायला कुणीही येत नाही. इथे माणसं राहतात, कारण पवईत परवडत नाही. त्यात पलीकडे शहराचा कचरा टाकतात. संध्याकाळी वारा फिरला की असा वास सुटतो की आम्ही धडाधड खिडक्या लावून शिव्या घालतो. अण्णा मात्र पाहुण्यांना शांतपणे सांगतात, "खाडीचा वारा आहे. जरा जड असतो." एकदा मी न राहवून म्हटलं, "अण्णा, हा खाडीचा वारा असेल तर मी महाराणी!"

"खाडीवरचे फ्लेमिंगो बघितलेस ना?" अण्णा म्हणाले. "कुठून कुठून येतात बिचारे. तळ कुठे टाकतात? इथे. त्यांना काय नाक नाही?"

कप्पाळ! मी उठून खिडकी लावली.

एकदा माझा भाऊ कुडाळहून बायकामुलांना घेऊन मुंबई बघायला आला. बॅगा माझ्या दारात टेकवल्या, मी पाणी आणायला आत गेले आणि बाहेर येते तर बॅगा गायब. अण्णांनी त्या उचलून स्वतःकडे नेल्या होत्या. "तुमच्याकडे बाथरूम एक आणि माणसं सहा. तळावर सकाळी रांग लागता कामा नये." भाऊ माझ्या कानात म्हणाला, "गो, हो माणूस कोण? माका वाटला हॉटेलवालो आसा." सगळी सुट्टी माझा सख्खा भाऊ समोरच्या घरात राहिला. माझ्याकडे तेवढा चहाला यायचा, तोसुद्धा चप्पल दाराबाहेर नीट काढून, परक्यासारखा. मी अण्णांशी दोन दिवस बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही, कारण ते भावाच्या पोरांना राणीची बाग समजावण्यात गुंग होते.

आणि गंमत ऐका. हे अण्णा स्वतः कधीच कुठे गेलेले नाहीत. विक्रोळीच्या एका कारखान्यात जन्मभर स्टोअरकीपर. फिरायच्या त्या मालतीवहिनी, त्यांची बायको. काय ती बाई! सुट्टीचा दिवस उजाडला की पायात बूट आणि पाठीला पिशवी. कधी मंडळाबरोबर, कधी मैत्रिणींबरोबर, कुणी नसलं तर एकटी. अण्णा जिन्यापर्यंत पोचवायला जायचे. संध्याकाळी वहिनी परत यायच्या तेव्हा पायांसाठी बादलीत गरम पाणी आणि कुकरमध्ये मुगाची खिचडी तयार. मग वहिनी पाय बुडवून सांगत बसायच्या आणि अण्णा समोर स्टुलावर बसून ऐकायचे. किल्ल्याचा दरवाजा कुठल्या बाजूला, टाक्यातलं पाणी गोड की मचूळ, सगळं खोदून खोदून विचारायचे.

"अण्णा, तुम्ही का नाही हो जात?" मी एकदा विचारलं होतं.

"दोघंही गेलो तर परत कुणाकडे यायचं?" अण्णा म्हणाले.

वहिनी गेल्याला आता तीन वर्षं होतील. नकाशा त्यानंतर भिंतीवर आला. टिकली वहिनींच्याच पाकिटातली आहे.

गेल्या हिवाळ्यात नागपूरहून अण्णांच्या भाच्याचा, प्रसादचा फोन आला. तो, त्याची बायको, मुलगी आणि सासूसासरे असे सगळे पंधरा दिवस मुंबई आणि आसपासचं बघायला येणार होते. मुक्काम मामाकडे करायचा की बोरीवलीच्या सुमनमावशीकडे, म्हणजे अण्णांच्या धाकट्या बहिणीकडे, एवढंच ठरायचं होतं.

झालं! अण्णांच्या अंगात वारं शिरलं. गाद्या पिंजून आल्या. सासऱ्यांचे गुडघे दुखतात असं कळल्यावर बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडी बसली. एका रविवारी तर आम्हा दोघांना टॉवेल घेऊन बोलावणं आलं. कशासाठी? तर लागोपाठ आंघोळी करायला. गिझर किती माणसांना पुरतो ते बघायचं होतं! "मी काय मीटर आसंय?" म्हणून आमचे हे कुरकुरले, पण गेले. डोक्याला साबण लावलेला असताना पाणी गार पडलं. आतून आलेली मालवणी मी इथे लिहीत नाही. अण्णा बाहेर उभे राहून समाधानाने म्हणाले, "गिझर मोठा घ्यायला हवा."

तिकडे सुमनताईही काही कमी नव्हती. चौदावा मजला, दोन लिफ्ट, खाली पोहायचा तलाव आणि हाकेवर नॅशनल पार्क. अण्णा फोनवर तिला म्हणाले, "अगं, पार्क बघायला एक दिवस. बाकीचे दिवस काय माकडं मोजणार?" बहीण म्हणाली, "दादा, तुझ्याकडे तर माकडंसुद्धा नाहीत!"

प्रसादचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होते. पाहुण्यांच्या पोह्यांत तिखट किती घालायचं ते ठरवायला अण्णांनी मला खायला बसवलं होतं. प्रसाद चांगला मुलगा, चाचरत चाचरत बोलला. "मामा, रागावू नका हं. सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे, आणि तुमच्याकडे तो वास... शिवाय पोरीला स्विमिंग पूल हवाय. आम्ही बोरीवलीलाच उतरतो. तुमच्याकडे एक दिवस जेवायला नक्की येऊ."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "बोरीवली चांगलीच आहे."

अण्णांच्या तोंडून बोरीवलीचं कौतुक! मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

फोन ठेवून ते गाद्या गुंडाळायला लागले. मी आपली समजूत घालायला गेले. "जाऊ दे हो अण्णा. एवढ्या माणसांचं करणं म्हणजे काय चेष्टा आहे? सुटलात!"

"सुटलो कसला गं," ते गादीची सुतळी आवळत म्हणाले. "सकाळी माणसं घरातून बाहेर पडावीत, संध्याकाळी दमून परत यावीत आणि मी दार उघडावं, एवढंच हवं होतं मला. पंधरा दिवस मिळाले असते. दिवसभर कुणाची वाटच बघायची नसली की दिवस फार मोठा होतो, सुषमा."

मला तिथे उभं राहवेना. घरी येऊन भांडी आपटली. यांनी काय झालं म्हणून विचारलं तर त्यांच्यावरच खेकसले. रडू येत होतं, त्याचा राग कुणावर काढायचा? आणि खेकसता खेकसताच सुचलं. लग्न होऊन मुंबईला आल्याला जन्म लोटला, पण मी अजून घारापुरी पाहिली नव्हती. कान्हेरी नाही, वसईचा किल्ला नाही. हे सगळं बाहेरचे लोक बघतात, आपल्याला मेली सवड कुठे असते? आता हे रिटायर झाले होते आणि दिवसभर घरात बसून पंख्याचा आवाज येतो म्हणून तक्रार करत होते.

दुसऱ्या दिवशी मी समोरची बेल वाजवली. "अण्णा, आम्हाला दोघांना मुंबई बघायची आहे. पंधरा दिवस. तळ टाकायला जागा हवीय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या उघड्या दाराकडे. "अगं, तुझं घर हे समोर आहे."

"आहे ना. पण मध्यवर्ती नाही."

मला वाटलं, हसतील. अण्णा हसले नाहीत. ते नकाशापाशी गेले, चष्मा वर करून टिकलीजवळ नाक नेलं, विचार केला आणि म्हणाले, "तसं बघितलं तर खरं आहे. तुमचा फ्लॅट जरा पूर्वेला पडतो."

पहिली घारापुरी केली. घराला कुलूप लावून किल्ली अण्णांकडे दिली. त्यांनी ती खिशात टाकली आणि जिन्यापर्यंत पोचवायला आले. बोटीत यांना मळमळलं. तिथे एका माकडाने माझ्या हातातलं कणीस नेलं आणि माझ्यादेखत खाल्लं. पण ती तीन तोंडांची मूर्ती पाहिली आणि मी गप्प उभी राहिले. मी गप्प राहिले म्हणून हे घाबरले.

संध्याकाळी जिना चढतोय तोच वरती दार उघडल्याचा आवाज आला. बेल वाजवायची वेळच आली नाही. गरम पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवलेल्या. अण्णांनी स्टूल ओढलं. "हं, सांगा."

"लेणी आसत," हे म्हणाले. "जुनी आसत."

"तुम्ही पाय शेका," अण्णा म्हणाले. "सुषमा, तू सांग."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, माकडाच्या चेहऱ्यापर्यंत. मधल्या तोंडाचे डोळे मिटलेले आहेत का, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. वारा फिरला होता, जड वारा यथेच्छ घरात येत होता, पण खिडकी लावायला कुणी उठलं नाही. जेवण झालं. मी हात पुसून पदर सावरला आणि म्हटलं, "चला अण्णा, निघतो आता. किल्ली द्या."

"निघता?" अण्णा गोंधळले. "कुठे? उद्या कान्हेरी आहे ना?"

मी आतल्या खोलीत डोकावले. पिंजलेल्या गाद्या घातल्या होत्या, वर धुतलेल्या चादरी, उशाशी तांब्याभांडं. माझा स्वतःचा पलंग चार पावलांवर होता. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. मग हे पहिल्यांदा काहीही न कुरकुरता आत गेले आणि आडवे झाले.

सकाळी जाग आली ती बाहेरच्या खोलीतल्या फोनने. अण्णांनी तो धावत जाऊन उचलला. बोरीवलीची सुमनताई असावी.

"हळू बोल गं," अण्णा कुजबुजत होते. "नंतर करतो फोन. आत्ता नको. घरात माणसं झोपली आहेत."

हे उठून बसायला लागले होते. मी त्यांचा हात धरून खाली ओढलं, चादर दोघांच्या डोक्यावरून घेतली आणि डोळे गच्च मिटले.