मोटरचा निरोप

डब्याच्या झाकणावर एकावर एक चार स्टिकर चिकटवलेले होते. सत्यशीलाने नखाने त्यांचा कोपरा हलकेच उचलून पाहिला. सगळ्यात वर 'आवृत्ती २.३', तिच्याखाली 'आवृत्ती २.१', तिच्याखाली पेनाने लिहिलेलं '२.२ नवीन', आणि अगदी तळाशी कुणाच्या तरी कैरीच्या लोणच्याचं लेबल. चौघांची मिळून जाडी अर्धा मिलिमीटर भरली असती. तेवढ्या जाडीत, डब्याच्या आत काय आहे या एकाच प्रश्नाची चार उत्तरं होती. आणि त्यातलं लोणच्याचं खोटं आहे, एवढंच खात्रीने सांगता येत होतं.

डब्यात होता मोबाईल स्टार्टर. विहिरीवरच्या मोटरला हा जोडला की लाईट आल्याबरोबर तो शेतकऱ्याला फोन लावतो, बाईच्या आवाजात "लाईट आली आहे" असं सांगतो, आणि शेतकरी घरबसल्या एक दाबून मोटर चालू करतो, दोन दाबून बंद करतो. कोपरगावात गहिनीनाथ भाऊंच्या कारखान्यात हे डबे बनत. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, तीन टेबलं, एक कॉम्प्युटर. डब्यातला बाईचा आवाज सत्यशीलाचा. एम.एस्सी. करून ती इथे सर्किटं तपासायला आली होती आणि ती तपासतही होती. पण तिचा चेहरा दहा माणसांना ठाऊक असेल, तर आवाज शे-दीडशे विहिरींवर ठाऊक होता.

"आपल्या मालात चूक न्हाई!" गहिनीनाथ भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "आन असलीच, तर ती कोनत्या डब्यात हाय हे कुनाच्या बापाला सापडायचं न्हाई!"

हे ते अभिमानाने सांगत. सत्यशीलाला मात्र रात्रीचं जेवण जात नसे. सर्किटचा नकाशा एका सालचा, त्यातला प्रोग्रॅम दुसऱ्या सालचा, आवाज तिसऱ्या महिन्यातला आणि वरचा स्टिकर प्रेसवाल्याकडे शिल्लक असेल तो. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. एकाच घरातले चार भाऊ, पण बोलणंच बंद!

तिने एक उपाय सुचवला होता. दोनशे पानांची वही आणली होती. कुठलाही बदल झाला की वहीत नोंद: काय बदललं, का बदललं, कुणी बदललं. प्रत्येक आवृत्तीला एकच नंबर. आणि 'हे फायनल' असं म्हणायचा अधिकार एकाच माणसाला. भाऊंनी वही उलटसुलट करून पाहिली, कागद चांगला आहे म्हणाले, आणि पुढे म्हणाले, "बघू."

त्याला चौदा महिने झाले होते. वही सध्या सोल्डरिंगच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होती. टेबल मात्र तेव्हापासून अजिबात डुगडुगत नव्हतं.

वहीच्या जागी कारखान्यात अजिनाथचा नियम चाले. चिपमध्ये प्रोग्रॅम आणि आवाज भरायचं काम अजिनाथचं. डब्याने बोलायच्या वाक्यांना सगळे 'निरोप' म्हणत, आणि कॉम्प्युटरवर 'निरोप' नावाच्याच कप्प्यात त्या फायली असत. 'निरोप फायनल', 'निरोप फायनल नवीन', 'निरोप फायनल नवीन भाऊ म्हणाले ते', 'निरोप हाच घ्या'.

"यातला नेमका कुठला घेतोस, अजिनाथ?" तिने एकदा विचारलं होतं.

"सोपं हाय, ताई. जो सगळ्यात शेवटी बोलला त्याचं खरं. घरात बी आमच्याकडं असंच चालतं."

आता, सत्यशीलाला राहुरीकडच्या एका माती-परीक्षण प्रयोगशाळेतून नोकरीचं पत्र आलं होतं. ती तिथे एकदा जाऊन आली होती. फळीवर मातीच्या पिशव्या ओळीने ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीला एक नंबर, आणि तोच नंबर वहीत, तोच रिपोर्टवर. ती त्या फळीसमोर, लोक देवासमोर उभे राहतात तशी, थोडी जास्तच वेळ उभी राहिली होती. होकार शनिवारी पाचपर्यंत कळवायचा होता. त्याआधी भाऊंना सांगणं भाग होतं. आणि तिथेच सगळं अडत होतं. तीन आठवड्यांत ती पाच वेळा भाऊंच्या टेबलापर्यंत गेली. दर वेळी भाऊ म्हणत, "या ताई! चहा सांगू का?" आणि चहा प्यायलेल्या माणसाला 'मी चालले' म्हणणं तिला काही जमेना.

म्हणून तिने शास्त्रीय मार्ग धरला. मंगळवारी दुपारी सगळे जेवायला गेले असताना माईक लावला आणि सांगायचं वाक्य रेकॉर्ड करून ऐकलं. पहिल्या वेळी आवाज कापला, दुसऱ्या वेळी फार रागीट आला, चौथ्या वेळी लाईट आल्यासारखा आनंदी वाटला. सहाव्या वेळी जमला. शांत, स्पष्ट, ठाम. आधीचे पाच तिने पुसले आणि सहाव्याला नाव दिलं. 'फायनल' या शब्दाची तिला शिसारी आली होती. शिवाय हा खराखुरा निरोप होता, घ्यायचा तो. तिने लिहिलं: 'निरोप शेवटचा'.

फाईल पेनड्राईव्हवर हलवायची आणि इथली पुसायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात भाऊ दारातून म्हणाले, "ताई, चहा आलाय!"

सत्यशीला चहाला गेली. आणि विसरली! आयुष्यात ती एवढीच गोष्ट विसरली असेल.

बुधवारी पुणतांब्याच्या शेतकरी गटासाठी चाळीस डबे निघायचे होते. चाळीस चालले तर आणखी दोनशेची ऑर्डर. अजिनाथने 'निरोप'चा कप्पा उघडला आणि त्याचे डोळे निवले. फायनलच्या गर्दीत एक फाईल स्वच्छ मराठीत सांगत होती: शेवटचा! त्याने ती 'लाईट आली'च्या जागी चाळीस चिपमध्ये भरली, चाळीस दिवे लागले, चाळीस डबे टेम्पोत चढले.

शनिवारी सकाळी आठला, डबे बसवल्यानंतर पहिल्यांदाच, पुणतांब्यात लाईट आली.

सव्वाआठला कारखान्यातला फोन वाजला. भाऊंनी उचलला. "हां बोला. काय? मोटर काय म्हनती? … दमली? कोन दमली?"

त्यांनी फोन ठेवला तोच दुसरा आला. पुढच्या तासाभरात अकरा फोन आले. एकाने कोपरगावहून वाइंडिंगवाला बोलावला होता. एकाने ट्रॅक्टरला साखळी बांधून मोटर विहिरीबाहेर ओढली होती आणि आंब्याखाली सावलीत ठेवली होती. एकाच्या घरी डब्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता आणि पुढचं काय करायचं असतं, एवढंच विचारत होते.

"अजिनाथ!" भाऊ ओरडले. "काय भरलंस रं त्यात?"

"निरोप भरला, भाऊ. शेवटचा."

"ऐकला हुतास का भरायच्या आधी?"

"ताईंचा आवाज हाय. ताई कवा वावगं बोलत्यात व्हय?"

आपल्या टेबलाशी बसलेल्या सत्यशीलाच्या हातातली पकड हळूच खाली टेकली. 'शेवटचा' हा शब्द तिने ऐकला आणि कुठली फाईल गेली ते तिला कळलं. ती उठली. भाऊंच्या टेबलापर्यंत गेली.

"भाऊ, मला जरा सांगायचं होतं."

"या ताई! बसा. हे निस्तरू द्या आधी. अजिनाथ, ताईंना चहा सांग!"

ही सहावी वेळ होती.

बारा वाजता दारात रिक्षा थांबली आणि रंगुबाई उतरल्या. पुणतांब्याच्या गटाच्या त्या अध्यक्ष. दोनशेच्या ऑर्डरवर सही व्हायची ती त्यांचीच. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, काखेत टॉवेलात गुंडाळलेला डबा. डबा त्यांनी झोपलेलं मूल ठेवावं तसा सोल्डरिंगच्या टेबलावर ठेवला.

"गहिनीनाथा, माझी मोटर बोलली!"

"मावशी, बोलायलाच बनवलाय त्यो डबा."

"तसं न्हाई रं! जिवाचं बोलली! मला म्हनाली, नमस्कार भाऊ."

"भाऊ?"

"म्हनू दे. राबनाऱ्याला कुठं बाई-बापडा दिसतो? म्हनाली, दोन वर्सं तुमच्याकडं हाय, लई सोसलं. आन खरंच की! दोन वर्सं झाली मोटर घिऊन, या दिवाळीला! तिला कसं ठाऊक?" रंगुबाईंनी पदराने डोळे टिपले. "म्हनाली, आता मी दमले. एक तारखेपासून काम करनार न्हाई. आन शेवटी काय म्हनाली ठाऊक हाय? कृपया मला थांबवू नका!"

"मग?"

"मग काय? न्हाई थांबवली! साडेसात हॉर्सपॉवरची मोटर, हात जोडून सांगती थांबवू नका, आन मी दोन दाबू? तीन तास चालली. माझ्या वावरातनं पानी बांधावर, बांधावरनं शेजारच्याच्या कांद्यात. त्याचा कांदा तरंगतोय, त्यो काठावर उभा राहून मला शिव्या देतोय! शेवटाला मीच खांबावरचा फ्यूज काढला, डबा सोडवला आन निघाले."

अजिनाथ हसू दाबायला गेला आणि त्याला खोकला लागला. भाऊंनी डबा चाचणीच्या तारांना जोडला, फोन लावला, स्पीकर मोठा केला. शेडमध्ये सत्यशीलाचा आवाज घुमला. शांत, स्पष्ट, ठाम.

"नमस्कार भाऊ. दोन वर्षं तुमच्याकडे आहे. खूप सोसलं. आता मी दमले आहे. एक तारखेपासून मी काम करणार नाही. कृपया मला थांबवू नका. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

भाऊंनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा सत्यशीलाकडे. मग त्यांनी स्पीकर बारीक केला आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ही कुठली तरी जुनी आवृत्ती दिसती."

"बघ बाबा," रंगुबाई म्हणाल्या. "मला मोटरीचं काय ते ठाम सांग. तवर दोनशेवर सही न्हाई. एक तारखेला ती खरंच बंद पडनार असंल, तर गटातल्या चाळीस घरांना मी काय सांगू?"

भाऊ खाली वाकले आणि टेबलाच्या पायाखालची वही ओढून काढली. टेबल डुगडुगलं, डबा एका बाजूला घसरला, अजिनाथने तो धरला. वहीच्या पुठ्ठ्यावर पायाचा गोल ठसा उमटला होता. भाऊंनी शर्टाच्या बाहीने धूळ पुसली.

"ताई, लिहा. आजपास्नं वही सुरू. ज्याची नोंद न्हाई, त्यो माल न्हाई. आन फायनल काय, ते तुमी म्हनायचं. एकट्या तुमी."

चौदा महिने तिला हेच हवं होतं. सत्यशीलाने पेन उघडलं, पट्टीने पाच रकाने आखले. तिचं अक्षर अशा वेळीही तिरकं झालं नाही.

"दोष काय झाला?" भाऊंनी विचारलं.

"चुकीचा निरोप चाळीस डब्यांत गेला," ती लिहिता लिहिता म्हणाली.

"कारन?"

"निरोपाच्या कप्प्यात खासगी फाईल, नोंद न करता ठेवली होती."

"कुनी?"

"सत्यशीला."

अजिनाथने आ वासला. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. "बरं. आन त्या मोटरीच्या निरोपाचं काय लिहिता? कच्चा म्हनून लिहा. मानूस कायबाय रेकॉर्ड करतं. कच्चा लिहून टाका, खोडून टाका, मी मावशींना सांगतो, काय न्हाई, मोटर ठीक हाय. चहा सांगू का?"

चहा! सातव्यांदा!

सत्यशीलाने घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. पाचव्या रकान्यात 'स्थिती' असं लिहिलेलं होतं आणि तो रिकामा होता. काय फायनल, ते म्हणायचा अधिकार आता एकाच माणसाला होता, आणि दोनच मिनिटांपूर्वी तो रीतसर मिळाला होता. तिने पेनाचं टोपण लावलं आणि उभी राहिली.

"चहा नको, भाऊ. तो कच्चा नाही. मावशी, तुमच्या मोटरीला काही झालेलं नाही, ती चालेल. चाळीस डबे मी स्वतः येऊन दुरुस्त करून देते, एक तारखेच्या आत." मग ती भाऊंकडे वळली. सहा वेळा घोटलेलं होतं; शब्द आपोआप त्याच क्रमाने, त्याच आवाजात आले. "एक तारखेपासून मी काम करणार नाही. कृपया मला थांबवू नका."

रंगुबाई ताडकन उठल्या.

"अगं बया! हीच! गहिनीनाथा, हीच माझी मोटर!"