छटा क्रमांक दोन

सन एकोणीसशे शहात्तरच्या जानेवारीत कुरणवाडीच्या लालासाहेबांच्या जीपमधून काळा धूर येत असल्याचे शासनाच्या लक्षात आले. त्याआधी तीन वर्षे तो येतच होता. पण शासनाच्या लक्षात येईपर्यंत धुराला अधिकृत अस्तित्व नसते.

लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी लिलावात निघालेली एक जुनी पेट्रोलची जीप घेतली आणि कुरणवाडी ते विटा अशा खेपा सुरू केल्या. कुरणवाडीला एसटी येत नव्हती, कारण रस्ता वाईट होता. रस्ता दुरुस्त होत नव्हता, कारण त्यावरून एसटी जात नव्हती. त्यामुळे नवरी, मास्तर, खताची पोती आणि आजारी माणसे या सर्वांची वाहतूक जीपच करीत असे, कित्येकदा एकाच खेपेत.

या महिन्यात जीपवर आणखी एक जबाबदारी होती. लालासाहेबांची थोरली लेक अंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. विट्याच्या डॉक्टरांनी तिला तपासून सांगितले होते, "मूल आडवं आहे. कळा सुरू झाल्या की इथं थांबू नका. थेट सांगली गाठा." तेव्हापासून लालासाहेब रोज सकाळी जीप पुसत आणि तिचे तोंड सांगलीच्या दिशेने करून ठेवत.

नेमके त्याच महिन्यात जीपचे वार्षिक पासिंग आले. पूर्वी पासिंग सोपे असे. हॉर्न वाजला, दिवे लागले आणि ब्रेक दाबल्यावर साहेब पुढे झुकले की गाडी पास. पण आता आणीबाणी होती. माणसे कचेरीत वेळेवर येत होती, आणि वेळेवर आलेल्या माणसांना दिवसभर काही तरी काम द्यावे लागत होते. या गरजेतून सांगलीच्या वाटेवर एका पत्र्याच्या शेडमध्ये 'वाहन धूर निरीक्षण कक्ष' स्थापन झाला. तिथे श्री. मानसिंगराव हे धूर निरीक्षक होते, आणि जतकडचे बिराप्पा हे त्यांचे लेखनिक.

कक्षाकडे यंत्र नव्हते. यंत्राऐवजी 'धूरछटापत्रक' नावाचा एक पुठ्ठा होता. त्यावर पाच चौकोन छापलेले होते: एक धुवट, दोन भुरकट, तीन राखी, चार कोळशी आणि पाच डांबरी. गाडीच्या मागे उभे राहायचे, पुठ्ठा धुरासमोर धरायचा आणि कोणता चौकोन जुळतो ते अर्जाच्या नवव्या रकान्यात लिहायचे. छटा क्रमांक दोनपर्यंत गाडी पास, त्यापुढे नापास.

लालासाहेबांनी जीप चालू केली. मानसिंगरावांनी पुठ्ठा धरला, पुन्हा धरला, मग उलटा करून धरला.

"हा धूर पाचच्या पुढचा आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "पाचच्या पुढे छापलेलं नाही."

"मग काय करायचं, सायेब?"

"पंधरा दिवसांची मुदत. तोवर धूर पत्रकात बसवून आणा. नाही तर गाडी जप्त."

लालासाहेबांनी सॅल्यूट ठोकला. आदेश समजला नाही की सॅल्यूट ठोकायचा, ही त्यांची फौजेपासूनची सवय होती.

विट्याच्या स्टँडमागे मोहिद्दीन मिस्त्रीचे गॅरेज होते. मोहिद्दीनने जीपभोवती एक फेरी मारली. धूर नाकाने ओढून पाहिला आणि जमलेल्या सल्लागारांना गप्प केले. कुणी म्हणत होते इंजन झिजून बोरला आले, कुणी म्हणत होते तेल जळते.

"तेल जळालं तर धूर निळा दिसतो," मोहिद्दीन म्हणाला. "पानी गेलं तर पांढरा. काळा म्हंजे पेट्रोल. हिला आपण शेरभर खायला घालतोय आन् ही पावशेर पचवतीया. बाकीचं असंच भायेर टाकतीया."

त्याने प्लग काढले. त्यांच्यावर कोरडी, मऊ काजळी बसलेली होती. एअर फिल्टर उघडला, तर आत चिमणीने केलेल्या घरट्याचे गवत निघाले. सगळे म्हणाले, सापडलं! घरटे काढून जीप चालू केली. धूर तेवढाच काळा. मग चोकची तार पाहिली. चोक ओढला की इंजनाची हवा आवळली जाते आणि पेट्रोल जास्त पडते; ती तार अडकली असेल तर काम सोपे होते. पण तार लोण्यासारखी सरकत होती.

"कार्ब्युरेटर ओव्हर हुतोय," मोहिद्दीन म्हणाला आणि तो उघडायला बसला. आतून त्याने पितळेचा, सुपारीपेक्षा थोडा मोठा, पोकळ फ्लोट बाहेर काढला. पेट्रोल पुरेसे भरले की हा तरंगून वर येतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. मोहिद्दीनने तो कानाशी नेऊन हलवला.

"ऐका, हवालदार."

लालासाहेबांनी कान लावला. आत काही तरी डुचमळत होते.

"ह्याच्या पोटातच पेट्रोल भरलंय. जो बुडालाय त्यो दुसऱ्याला काय थांबवणार?"

गरम पाण्यात फ्लोट धरल्यावर सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बुडबुडे निघाले. आता भोक बुजवायला डाख द्यायचा होता, पण जरा जास्त डाख पडला तर फ्लोट जड होऊन पुन्हा बुडणार. विट्यात या कामाला माणसांची वानवा नव्हती. कलकत्त्याला सोने गाळण्याचे दुकान असलेले बाळासो सुट्टीवर आले होते. त्यांनी फ्लोट पूर्ण रिकामा आणि कोरडा करवून घेतला, नथीला द्यावा तसा नाजूक डाख फुंकून दिला आणि म्हणाले, "सोन्याचं असतं तर एवढी काळजी घेतली नसती."

जीप चालू झाली. आवाज असा, की शिलाई मशीन वाटावे. लालासाहेब मागे जाऊन वाकले. धूर नव्हता. त्यांनी नळीपाशी हात धरला, तो नुसता गरम झाला. मग त्यांनी मोहिद्दीनला मिठी मारली. हवालदाराने मिस्त्रीला मिठी मारल्याचे विट्यात कुणी पाहिले नव्हते. त्यामुळे चहा स्टँडने पाजला.

आठव्या दिवशी जीप पुन्हा शेडसमोर उभी राहिली. मानसिंगराव पुठ्ठा घेऊन मागे गेले. बराच वेळ परत आले नाहीत. मग त्यांचा आवाज आला, "गाडी चालू करा."

"चालूच हाय, सायेब."

"धूर कुठाय?"

"न्हाईच," लालासाहेब अभिमानाने म्हणाले.

मानसिंगरावांचा चेहरा उतरला. त्यांनी अर्ज समोर धरला. "नववा रकाना बघा. 'धुराची छटा, एक ते पाच.' शून्य कुठं आहे? मी काय लिहू?"

"काय लिवू नका की."

"रकाना मोकळा ठेवला तर अर्ज अपुरा. अपुऱ्या अर्जावर पासिंग होत नाही. शिवाय पोटनियम सातप्रमाणे, ज्या गाडीला धूर आढळत नाही ती गाडी बंद आहे असं समजावं. म्हणजे तुम्ही बंद गाडी तपासणीला आणली."

"आवं, विट्यापासनं चालवत आणली!"

"कागदोपत्री ढकलत आणली." मानसिंगरावांना स्वतःलाच वाईट वाटले असावे, कारण ते हळू आवाजात म्हणाले, "एवढ्या लांबून ढकलत आणलीत, याबद्दल मला आदर आहे."

बाहेर पडताना बिराप्पाने लालासाहेबांना बाजूला घेतले. "का ओ हवालदार, असं कुणी करतंय का? धूर बंद करा म्हणून कुणी सांगितलं? धूर बसवा म्हटलंय. थोडा आणा की ओ. दोन नंबरचा आणा. भुरकट. सायबास्नीपण बरं, तुम्हास्नीपण बरं."

मोहिद्दीनने हे ऐकले तेव्हा हातातला पाना खाली ठेवला.

"लंगडी गाय बरी केली, हवालदार. आता तिचा पाय मीच मोडू?"

"मोडू नगंस रं. बाजार हुस्तवर जरा लंगडल्यागत चालव. माझी पोर घरात दिवस मोजतीया."

फ्लोटला हात लावायचा नाही, फक्त चोक ओढून धूर काढायचा, असे ठरले. पण किती ओढला म्हणजे भुरकट? पत्रक कक्षाबाहेर न्यायला बंदी होती. लालासाहेबांनी डोळे मिटून तो चौकोन आठवला आणि म्हणाले, "कुंभाराच्या गाढवागत रंग हुता."

गाढव आणले गेले. ते जीपच्या मागे आडवे उभे करण्यात आले. लालासाहेबांच्या कारभारणी मनुबाई यांची नजर लुगड्याच्या रंगात पक्की होती. त्यांनी धूर आणि गाढव यांच्यामध्ये उभे राहून हुकूम द्यायचे होते.

"आनी जरा वढा. आता जास्त झालं. सोडा. गाढवापरास काळं दिसतंया."

तासाभरात चोकच्या दांड्यावर खूण सापडली. सर्वांना समाधान वाटले. पण ताडून पाहायला पुन्हा गाढवाकडे वळले, तर एवढ्या वेळात गाढवच क्रमांक चारचे झाले होते. म्हणजे खूण चुकली होती. गाढव धुऊन, वाळवून सगळे पहिल्यापासून करावे लागले. बाजूला पायरीवर बसलेली अंजना एवढी हसली, की मनुबाईंनी तिला दटावले, "हसू नगंस गं, आजच सांगलीला न्यावं लागंल!"

त्या दिवशी न्यावे लागले नाही. न्यावे लागले ते मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी.

मागे मनुबाईंच्या मांडीवर डोके ठेवून अंजना, पुढे लालासाहेब आणि शेजारी मोहिद्दीन, अशी जीप सुसाट निघाली. शेडसमोर आडवा बांबू होता. पासिंग झाल्याशिवाय बांबू उठत नव्हता.

"सायेब, पोरीला कळा येत्यात!" लालासाहेब ओरडले. "येताना तपासा!"

"मुदत आज संपते," मानसिंगराव म्हणाले. त्यांनी आत डोकावून पाहिले आणि ते खरोखर घाबरले. माणूस घाबरला की नियम घट्ट धरतो. "मी लवकर उरकतो. बिराप्पा, अर्ज! प्रवासी किती?"

"चार जण, सायेब," बिराप्पा म्हणाला. "पाचवं वाटंत हाय. अर्धं लिवू काय?"

लालासाहेबांनी चोक खुणेपर्यंत ओढला. धूर आला. मानसिंगरावांनी पुठ्ठा धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. "दोन! अगदी दोन! असा दोन मी आजवर पाहिला नाही. असाच राहू द्या, माझी सही होईपर्यंत."

सही झाली. शिक्का राहिला होता. शिक्क्याची शाई वाळली होती. बिराप्पा त्यात पाणी घालून आला. जीप भुरकट धूर सोडत उभीच होती, तापलेल्या इंजनात पेट्रोल साठत होते. मागून अंजनाची किंकाळी आली. शिक्का बसला, बांबू उठला आणि त्याच क्षणी जीप दोन आचके देऊन बंद पडली.

लालासाहेबांनी स्टार्टर मारला. इंजन फिरले, पेटले नाही.

"बंद पडली?" मानसिंगरावांनी दाखला पुढे केला. "कशी पडेल? आता तर पास झाली!"

लालासाहेबांनी दाखला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सॅल्यूट ठोकला नाही.

मोहिद्दीनने उडी मारली आणि पुढे हँडल खुपसले. "चोक आत ढकला, हवालदार! ॲक्सिलेटर पार तळाला दाबून धरा. सोडायचं न्हाई! हवा जाऊ द्या, साठल्यालं समदं भायेर पडंल!"

एक फेरा. दुसरा. तिसऱ्या फेऱ्याला तोफ डागल्यासारखा बार झाला आणि जीपच्या मागून जे बाहेर पडले ते छपाईच्या पलीकडचे होते. कक्षाचे पत्रे, बांबू, अर्जांचा गठ्ठा आणि पुठ्ठा घेऊन पुन्हा मागे गेलेले मानसिंगराव, सगळे त्यात दिसेनासे झाले. धूर विरला तेव्हा पत्रकावरचे पाचही चौकोन डांबरी झाले होते. मानसिंगरावांचे फक्त डोळे छटा क्रमांक एकमध्ये बसत होते.

जीप केव्हाच निघून गेली होती.

"सायेब," बिराप्पाने विचारले, "आता काय लिवू?"

"काही नको. तपासणी संपलेली आहे."

सांगलीत पोचल्यावर पाऊण तासात ऑपरेशन होऊन अंजनाला मुलगी झाली. मायलेकी दोघी सुखरूप. लालासाहेब दवाखान्याच्या कट्ट्यावर बसले आणि मोठ्याने रडले. मोहिद्दीन त्यांच्या पाठीवर काळा हात फिरवत राहिला, त्यामुळे सदऱ्यावर पाच बोटे उमटली. तो सदरा मनुबाईंनी पुढे धुतला नाही. जीप मात्र परतताना कणभरही धूर न सोडता कुरणवाडीला आली आणि पुढे वर्षभर तशीच धावली, बेकायदेशीर स्वच्छ.

मार्चअखेर धूर निरीक्षण कक्षाचा अहवाल वर गेला. परिसरातील जवळजवळ सर्व गाड्या छटा क्रमांक दोनमध्ये आल्या होत्या. ज्यांना धूर नव्हता त्यांनी तो मुदतीत बसवून घेतला होता. अहवालाचा समारोप असा होता: "धूर नसलेले एकही वाहन तपासणीत आढळले नाही." वर्तमानपत्राने ते वाक्य चौकटीत छापले. मानसिंगरावांना बढती मिळाली.

बातमी तुम्हीही वाचलीत. चहाचा घोट घेतलात, शेजाऱ्याला म्हणालात, "काही म्हणा, काम होतंय." 'नसलेले' हा शब्द तेव्हा तुमच्या नजरेतून सुटला होता.

आत्ताही सुटला असेल, तर दोन ओळी वर जाऊन पुन्हा वाचा. आम्ही थांबतो. बांबू आडवाच आहे.