अव्वल रांगेचा मान

शाखेच्या ठाण्यात तारांच्या पेटीवर जी मोहीम जाहली, तीत कोणाचा मान राहिला, कोणाचा माल खंदकात पडला आणि फत्ते कशी जाहली, तो मजकूर जैसा घडला तैसा येथे नमूद केला असे. वाचणाराने स्वस्थ बसावे आणि मोबाईल अंमळ बाजूस ठेवावा.

ऐसियास, खोकी बनविणाऱ्या एका कंपनीची एक शाखा होती, आणि तिचे मुख्य ठाणे दूर दुसऱ्या शहरी होते, आणि शाखेची सुभेदारी बडे साहेब यांजकडे होती, आणि शाखेतील झाडून साऱ्या तारा जिन्याखालच्या कपाटात एका चपट्या पेटीत येत, तिजला स्विच म्हणत. पेटीत शिरावयास भोके पुष्कळ, परंतु बाहेर दुनियेत जावयास तार एकच. त्या एका दरवाजाने हिशेबखात्याचे कागद, नकाशेवाल्याची चित्रे, साहेबांची बोलणी आणि फाटकावरील पहारेकरीकाकांची रेडिओची गाणी ऐसा सारा जमाव एकदम निघे, आणि चेंगराचेंगरी होई, आणि मग साहेबांचे मुख्य ठाण्याशी चाललेले व्हिडिओ-बोलणे हटकून तुटे.

साहेबांस त्याची सवय जाहली होती. वरून अडचणीचा सवाल आला की साहेब कानास हात लावोन म्हणत, "हॅलो? आवाज तुटतोय," आणि तो खरोखरीच तुटत असे, सबब लबाडी म्हणावयास कोणास जागा नसे.

सवाल बहुतकरोन एकच असे. मुख्य ठाण्याने मागील साली खोकी कापण्याचे एक जंगी यंत्र शाखेस धाडिले होते, आणि ते लाकडी पेटाऱ्यात बंद आले होते, आणि साहेबांच्या दालनाखेरीज कोठे मावेना म्हणोन खिडकी काढोन तेथेच उतरविले होते, आणि तेव्हापासोन ते साहेबांच्या खुर्चीमागे तसेच बंद उभे होते. खिडकी मग पुन्हा बसविली गेली, सबब पेटारा बाहेर काढावयाचीही सोय उरली नाही. त्याजवर चादर घालोन कुंडी ठेविली होती. धूसर चित्रात तो पेटारा कपाट म्हणोन खपे.

मग एके दिवशी मुख्य ठाण्याच्या धनीण थोरल्या बाई यांचा खलिता आला की, शुक्रवारी सकाळी शाखेचा कारभार व्हिडिओवर जातीने पाहू, मनास आला तर शाखा ठेवू, न आला तर शाखा मोडोन सारी माणसे इकडे आणू. खलिता वाचोन साहेबांचा चेहरा उतरला, आणि साहेबांनी दरबार भरविला, आणि हुकूम जाहला की, काही करा, पण शुक्रवारी माझे भाषण अखंड गेले पाहिजे.

तेव्हा तारनाना पुढे जाहले. तारनाना म्हणजे शाखेचे तारखाते सांभाळणारे गृहस्थ, गळ्यात सदा एखादी तार लोंबत असे म्हणोन हे नाव पडले. ते छाती पुढे काढोन बोलिले, "साहेब, अर्ध्या तासाचं काम. तुमचा चहा गार व्हायच्या आत करून देतो." साहेबांनी चहा मागविला. तो गार जाहला, मग त्याजवर साय धरली, आणि मग तो शिपायाने नेला.

घरी संध्याकाळी बायकोने पुसिले, "अहो, अर्धा तास म्हणालात ना? मग हे तोंड का असं?"

तारनानांनी खलित्याचा मजकूर सांगितला. बायकोने भाजी चिरावयाची थांबविली.

"म्हणजे शाखा मोडली तर पुन्हा परगावी? आत्ता कुठे घरी आलात! हे बघा, माझी नोकरी नवी आहे, मी काही येणार नाही. आणि आई म्हणतात, त्या माझ्यापाशी राहणार."

"आई? माझी आई?"

"हो, तुमचीच. विचारा आत जाऊन. तुम्ही आपला कुकर लावायला शिकून घ्या."

आतून आवाज आला, "बरोबर बोलतेय ती!" ऐसा घरचा तह एकतर्फी मोडला, आणि तारनानांस कळोन चुकले की ही मोहीम साहेबांची नव्हे, आपलीच आहे.

मग तारनानांनी दुसरे दिवशी जिन्याखाली ठाण मांडिले आणि लॅपटॉप पेटीस जोडोन बंदोबस्त आरंभिला. तजवीज ऐसी की, दरवाजाशी तीन रांगा कराव्या. अव्वल रांगेत साहेबांची बोलणी, त्यांस कोणी अडवू नये. मधल्या रांगेत कचेरीचे कामकाज. आणि अखेरच्या रांगेत गाणीबजावणी, वरल्या दोन्ही रांगांतून वाट उरली तरच तिने जावे. परंतु अव्वल रांगेने सारा दरवाजा गिळो नये, म्हणोन तीवर एक हवालदार नेमिला. हा हवालदार म्हणजे माणूस नव्हे, पेटीस दिलेला हुकूमच. त्यास ताकीद ऐसी की, दरवाजाचा तिसरा हिस्सा भरेतो अव्वल रांगेस वाट द्यावी, त्यावर एक थेंब जरी आला तरी उचलोन खंदकात टाकावा, मुलाहिजा करू नये. साहेबांचे बोलणे तेवढ्यात आरामात मावत होते. बंदोबस्त चोख होता. शहाण्याने तो येथेच मिटवोन घरी जावे.

तारनानांनी तो शिपायास समजावोन सांगितला.

दुपारच्या जेवणाआत साऱ्या शाखेस कळले की रांगा जाहल्या, आणि कोणास मागे उभे केले आहे. प्रथम हिशेबखात्याच्या मामी चालोन आल्या. मामी कोणाच्या मामी होत्या हे ठाऊक नाही, परंतु साऱ्यांच्या होत्या.

"काय रे तारनाना, मला दुसऱ्या रांगेत बसवलंस?"

"मामी, रांग तुमची नाही हो, तुमच्या कागदांची."

"कागद कुणाचे? माझेच ना! तू लागलास तेव्हा तुझा पहिला पगार या हातांनी काढला मी. आणि आता मी मधली?"

तारनानांनी मामींस अव्वल रांगेत घेतले. हे पाहोन नकाशेवाला आला आणि म्हणाला की आमची चित्रे वजनदार, वजनदाराने मागे उभे राहावे हा कोठला न्याय. त्यास घेतले. मग विक्रीखाते रुसले, त्यास मनविले. मग खुद्द साहेबांचे फर्मान आले की, माझा प्रिंटर आणि हजेरीचे यंत्र यांसही अव्वल मान असावा, कारण ती साहेबांच्या दालनातील आहेत. मग छायाप्रतीचे यंत्र मागे का, म्हणोन तेही. सांजेपर्यंत मधली रांग ओस पडली, आणि अव्वल रांगेत जत्रेसारखी दाटी जाहली, आणि अखेरच्या रांगेत एकटे पहारेकरीकाका उरले. त्यांस पुसिले तेव्हा काका म्हणाले, "मला काय, गाणं लागलं म्हणजे झालं."

शुक्रवारी सकाळी साहेब नवा सदरा घालोन कॅमेऱ्यासमोर बसले, आणि मामी चाचणीस दुसऱ्या खोलीतून त्यांशी बोलू लागल्या, आणि साहेब "मान्यवर" म्हणता म्हणता "मा" वरच आ वासोन थिजले, आणि ते उघडे तोंड पडद्यावर पुष्कळ वेळ तसेच राहिले. मामींचे कागद अडकले. नकाशेवाल्याचे चित्र वरल्या पट्टीपुरते निघाले. हजेरीच्या यंत्राने सारी शाखा गैरहजर मांडिली. आणि फाटकावर मात्र गाणे ऐसे वाहत होते की गायिकेचा श्वासदेखील ऐकू यावा.

"त्या काकांचं तेवढं बरं चाललंय!" मामी कडाडल्या. "त्यांचं बंद कर आधी!"

तारनानांनी जिन्याखाली धाव घेतली आणि पेटीचा जमाखर्च पाहिला. हवालदार इमानाने लढत होता. अव्वल रांगेत सारी शाखा उभी, वाट तिसऱ्या हिश्शाची, सबब मान्यवरांचा माल ढिगांनी खंदकात पडत होता. मधली वाट मोकळी, आणि तिचा वाटाही मागल्या रांगेकडे वळोन बाकी सारा दरवाजा काकांच्या एका गाण्यास खुला होता. तारनाना भिंतीस टेकले. आता मामींस मागे जा म्हणावे तर मामी, आणि साहेबांच्या प्रिंटरास म्हणावे तर साहेब. कोणासही मान परत मागण्याची त्यांची छाती जाहली नाही.

मग त्यांनी मसलत केली आणि कोणास न सांगता बड्या साहेबांची बोलणी अव्वल रांगेतून काढोन अखेरच्या रांगेत, काकांच्या गाण्याशेजारी, नेऊन बसविली. ऐसी बेअदबी शाखेच्या इतिहासात पूर्वी जाहली नव्हती.

ठरल्या वेळी थोरल्या बाई पडद्यावर आल्या, आणि चित्र काचेसारखे लख्ख उमटले, आणि आवाज जणू शेजारच्या खुर्चीतून येत होता. साहेबांनी भाषण केले आणि ते अखंड गेले. भाषणात ऐकण्याजोगे एकही वाक्य नव्हते हे तेव्हा प्रथमच ध्यानात आले. मामींनी दारातून तारनानांची पाठ थोपटली. तारनानांस घर दिसू लागले.

मग थोरल्या बाई किंचित पुढे झुकल्या.

"किती स्वच्छ दिसतंय हो आज! तुमच्या मागे ते काय आहे?"

"कपाट, बाई."

"चादरीखाली अक्षरं दिसतायत. उलटी आहेत. थांबा... 'ही बाजू वर'. ती बाजू खाली का आहे?"

साहेबांचा हात आपोआप कानास गेला. "हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय."

"इकडे तर छान येतोय."

"चित्र अडकलंय, बाई!"

"अडकलेलं चित्र घाम पुसत नाही, साहेब. ते यंत्र अजून उघडलंच नाही का? मग ही शाखा वर्षभर करते तरी काय?"

साहेबांनी मान तिळभर वळविली. दाराआड तारनाना उभे होते. साहेब ओठ न हलविता बोलिले, "अरे, मला कुठल्या रांगेत घातलंयस?"

"शेवटच्या, साहेब."

"मला पहिलीत घाल! आत्ता! माझा मान आहे तो!"

तारनाना काखेतला लॅपटॉप मांडीवर घेऊन, जिन्याखालून ओढोन आणलेल्या वायरीसकट, तेथेच खाली बसले, आणि हुकूम लिहिला, आणि बड्या साहेबांची स्वारी सन्मानाने अव्वल रांगेत दाखल जाहली. हवालदाराने मुलाहिजा केला नाही. थोरल्या बाई "मला लेखी उत्तर ह" येथवर बोलिल्या आणि तोंड अर्धे उघडे असता थिजल्या, आणि पलीकडे साहेब कपाळावर रुमाल धरोन थिजले, आणि बाकीचा सवाल तुकड्यातुकड्यांनी खंदकात गेला. मग पडदा काळा पडला.

दालनात मामी म्हणाल्या, "सुटलो बाई," आणि शिपायाने चहा आणिला, आणि तो या खेपेस गरम असतानाच प्याला गेला. साहेबांनी भर दरबारात तारनानांस शाबासकी दिली आणि फर्मान काढिले की, रांगांचा हा बंदोबस्त कायम असावा, त्यास कोणी हात लावो नये. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, शाखा राखिली गेली, आणि साऱ्यांचा मान जागचे जागी राहिला.

सांजेस मुख्य ठाण्याहून मजकूर आला. तो अक्षरांचा असल्याने थोडका होता आणि अव्वल रांगेतूनही निभावोन आला. त्यात लिहिले होते: "तुमच्याकडची लाईन फारच खराब दिसते. सोमवारी मी स्वतः येते. पेटारा आहे तिथेच असू द्या."

तारनाना घरी गेले आणि बायकोस म्हणाले की, कुकर कसा लावतात ते जरा दाखव. बायकोने दाखविले. मग त्यांनी स्वतः लावून पाहिला. झाकण पहिल्याच खेपेस बसले. आत पाणी घालावयाचे राहिले होते.