गायकवाडबाईंची खोली

आमच्या मुख्याध्यापकांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे, हे साऱ्या शाळेला गायकवाडबाईंमुळे कळलं. दहावीच्या ज्या मुलांना लिहिण्यावाचण्याची अडचण म्हणून परीक्षेत जादा वेळ मिळतो, त्यांच्या खोलीवर बाई असतात. साहेब प्रिलिमला फेरी मारायला आले, तर बाई दारात आडव्या. "बूट वाजतायत सर. पोरांचं लक्ष उडतं. काढा."

साहेबांनी काढले!

त्या खोलीत 'लवकर' म्हणायला बंदी. "होऊ दे निवांत," हे बाईंचं पालुपद. आम्ही शिक्षक चहा घाईने प्यायलो तरी तेच.

यंदा मात्र खोली गच्च भरलेली. एवढ्या मुलांना एकदम अडचण कशी आली? उत्तर मला शाळेच्या फाटकाशीच मिळालं. घोडबंदर रोडच्या टॉवरमधले एक पालक गाडीची किल्ली फिरवत म्हणाले, "सर, तुमचा मुलगा नववीत ना? आत्ताच अडचणीचं सर्टिफिकेट काढून ठेवा. माणूस आहे ओळखीचा. तपासणीला बी आणि डी उलटे लिहायचे, बस. आम्ही घरी प्रॅक्टिस करून घेतलेली."

"पण तुमच्या मुलाला त्रास काय आहे?"

"छे हो! स्कॉलर आहे तो." हे अभिमानाने!

मी गार पडलो. त्याच खोलीत बाळकुमच्या कोळीवाड्यातली मानसी बसायची. तोंडी विचारा, धडाधड उत्तरं. कागदावर अक्षरं तिला फसवायची. तिची आई मासळी विकते. दाखल्यासाठी सरकारी हॉस्पिटलच्या खेपांना बाई स्वतः रजा टाकून दोघींबरोबर गेलेल्या. आता स्कॉलर पेपर संपवून मागच्या बाकावर ताल धरायचा, आणि मानसीचा हात थांबायचा.

बाईंना मी सगळं सांगितलं.

बोभाटा झालाच. पालकसभेत बाकीचे पालक भडकले. "नाटकं आहेत सगळी! ही सवलतच बंद करा!" टाळ्या पडल्या. मागे मानसीची आई पदर मुठीत धरून बसलेली.

बाई उठल्या. "खोटे दाखले फेरतपासणीला पाठवा. पण खोली बंद होणार नाही."

"खोटे कशावरून?" स्कॉलरचे वडील ओरडले.

"तुम्हीच ह्या सरांना सांगितलंत ना?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठलो आणि बी-डीची प्रॅक्टिस भर सभेत सांगितली.

"मी गमतीत बोललेलो," ते पुटपुटले. कोणीही हसलं नाही. संशयास्पद दाखले फेरतपासणीला गेले, खोली राहिली.

संध्याकाळी बाईंना स्कूटरवरून कळव्याला सोडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरचं बोलल्या. धाकटा भाऊ, अशोक. शाळेत 'मठ्ठ' म्हणून रोज मार खाल्ला, दहावीला बसला आणि नापास होत राहिला. अजून सही करायची म्हटली की त्याच्या हाताला घाम फुटतो.

दार त्यानेच उघडलं. पन्नाशीचा, केस पिकलेला. मला 'या'सुद्धा म्हणाला नाही.

"ताई, राहिली खोली?"

"राहिली रे."

तो मान हलवून आत गेला.

"बसा सर," बाई म्हणाल्या. "चहा टाकतोय तो."

आतून भांड्याचा आवाज काही येत नव्हता, नाक ओढल्याचा मात्र आला. बाईंनी हळूच मधला पडदा ओढून घेतला आणि माझ्याशी मोठमोठ्याने शाळेच्या गप्पा मारू लागल्या.