मार्शलसाहेबांच्या सहीचं अंडं

शनिवारी सकाळी थर्मन बिक्सबी स्वैपाकघरात फ्रिजसमोर उकिडवे बसले होते आणि वाडग्यातल्या अंड्यांकडे चौकीत उभ्या केलेल्या आरोपींकडे बघावं तसे बघत होते. शेवटी त्यांनी त्यातलं एक उचललं, उजेडासमोर धरलं, नाकाशी नेलं आणि खिशातली पेन्सिल काढून त्याच्यावर झोकदार सही ठोकली. शेवटच्या अक्षराची शेपटी त्यांनी सवयीप्रमाणे लांब ओढली, ती पार अंड्याच्या पलीकडच्या बाजूला गेली. बायको व्हर्ना घरात असती तर तिनं दोन प्रश्न विचारले असते. पण ती उद्याच्या सहभोजनाची टेबलं मांडायला चर्चमध्ये गेली होती.

बिक्सबी हे बफेलो वेल्स गावचे फायर मार्शल. आग लागली की विझवायची, आणि लागली नसेल तर ती का लागली नाही याचा संशय घ्यायचा, असं त्यांचं काम होतं. गावात कुणी शेकोटी पेटवली, कुणी मांस भाजायला अंगणात कोळसे काढले, की मार्शलसाहेबांची लाल गाडी कुंपणाशी उभी राहायची. लोक वैतागायचे. पण त्यांच्या या संशयाला एक कारण होतं आणि साहेब ते कुणाला सांगत नसत. काही वर्षांपूर्वी एका दुकानदारानं त्यांना शपथेवर सांगितलं होतं, “साहेब, ही फटाक्यांची दारू म्हणजे पोरांचा खेळ, काही होत नाही.” साहेबांनी विश्वास ठेवला. पुढच्याच महिन्यात एका पोराचा फाटलेला पंजा स्वतःच्या रुमालात गुंडाळून त्यांना दवाखान्यात धावावं लागलं. त्या दिवसापासून त्यांनी विश्वास ठेवणं सोडलं ते सोडलंच.

आणि अशा माणसाच्या गावात वेन्डेल हॅग्लंड राहायला आला.

हॅग्लंड आधी न्यू मेक्सिकोत सरकारी क्षेपणास्त्रांवर काम करायचा. रशियानं आभाळात पृथ्वीभोवती फिरणारा तो उपग्रहाचा गोळा सोडल्यापासून देशातलं प्रत्येक पोर नळीत काड्यापेटीचं गूल ठासून रॉकेट करू लागलं होतं आणि बोटं गमावू लागलं होतं. हॅग्लंडनं चांगली नोकरी सोडली आणि कागदाच्या नळीचं, हलक्या लाकडाच्या पंखांचं रॉकेट तयार केलं. त्यात कारखान्यात बनवलेलं छोटं इंजिन बसवायचं, लांब उभं राहून विजेच्या बटणानं पेटवायचं, आणि वर गेलं की छत्री उघडून ते आपोआप खाली यायचं. पोरांनी गूल ठासण्यापेक्षा हे बरं, असं त्याचं म्हणणं. सगळी शिल्लक त्यानं यात घातली होती. गावाबाहेरचं कुरणही भाड्यानं घेतलं होतं. आता फक्त मार्शलसाहेबांचा परवाना हवा होता. तो मिळाला नाही तर गाशा गुंडाळून परत नोकरी मागायला जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

बिक्सबींना त्याच्याबद्दल सगळंच संशयास्पद वाटे. एक तर हा माणूस चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या गोष्टी लिहून मासिकांना विकायचा, म्हणजे पोटासाठी खोटं बोलायचा. त्यातून त्या गोष्टींवर नाव टाकायचा ‘रेक्स डॅलन’.

“सरळमार्गी माणसाला एक नाव पुरतं,” बिक्सबी व्हर्नाला म्हणाले होते. “दोन नावं कुणाला लागतात? फरारी माणसाला.”

“आणि लेखकाला,” व्हर्ना म्हणाली होती.

“तेच ते.”

परीक्षा ठरली ती अशी. रॉकेटच्या टोकाशी प्लॅस्टिकच्या डबीत एक कच्चं अंडं ठेवायचं. रॉकेट वर जाऊन खाली आल्यावर ते न फुटता सापडलं तर परवाना, नाहीतर कुरणाला कुलूप. कल्पना हॅग्लंडचीच होती. “जे अंड्याला इजा करत नाही ते पोरांना काय करणार?” असं तो म्हणाला. बिक्सबींनी मान डोलावली होती, पण मनात लगेच शंका आली होती की हा गृहस्थ उकडलेलं अंडं आणणार. म्हणून त्यांनी अंडं आपल्या घरून आणायचं ठरवलं. आख्ख्या जगात त्यांचा भरवसा उरला होता तो एकट्या व्हर्नाच्या फ्रिजवर.

कुरणात नेहमीसारखं वारं सुटलं होतं. हॅग्लंड आणि त्याची बायको लोरेटा आपल्या लांबुडक्या मोटारीजवळ उभी होती. बॉनेटवर बॅटरी, तारा, कापूस आणि अंड्यांची एक टोपली.

“ती टोपली बाजूला ठेवा,” बिक्सबी लांबूनच ओरडले. “तुमचं अंडं मला चालणार नाही.”

“तुमचं आणलंत ना? मग झालं,” हॅग्लंड म्हणाला.

“आणलंय. आणि त्याच्यावर माझी सही आहे. बदलाबदलीचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या.”

“अहो, बदलून आम्ही करणार काय? त्याचं ऑम्लेट?” लोरेटा म्हणाली.

बिक्सबींनी अंडं तिच्या हातात दिलं. तिनं ते कापसात गुंडाळण्यासाठी बॉनेटवर ठेवलं. आणि नेमकं तेव्हाच बिक्सबींच्या डोक्यात आलं की मोटारीखाली यांनी दुसरं रॉकेट लपवलं असेल तर? उडवायचं एक, सापडल्याचं दाखवायचं दुसरं! इस्त्रीचा गणवेश घालून ते मोटारीखाली सरपटत गेले. तिथे एक बेडूक आणि भरपूर ग्रीस होतं. ते बाहेर आले तेव्हा डबी बंद झाली होती.

“उघडा,” बिक्सबी म्हणाले.

लोरेटानं डबी उघडली. कापसातून सही दिसत होती, शेपटीसकट. बिक्सबी गुरगुरले, म्हणजे त्यांचं समाधान झालं.

हॅग्लंडनं सगळ्यांना मागे सरकवलं, मोठ्यानं उलटे आकडे मोजले आणि बटण दाबलं. फुस्स आवाज झाला आणि रॉकेट असं काही सुटलं, की बिक्सबींनी टोपी हातानं धरली. ते बघता बघता टाचणीएवढं झालं. मग वर कुठेतरी नारिंगी छत्री उघडली. बिक्सबींच्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं. कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

पण वाऱ्याला परवान्याशी काय देणंघेणं? त्यानं छत्री उचलली आणि रॉकेट डुलत डुलत कुंपणापलीकडे निघालं.

“कुठे चाललंय ते?” बिक्सबींनी विचारलं.

“मिसेस श्लेगलकडे,” हॅग्लंड कसनुसा होऊन म्हणाला.

“कोंबड्यांच्या?”

“कोंबड्यांच्याच.”

तिघंही धावत सुटले. आमालिया श्लेगल ही विधवा बाई कोंबड्या पाळून राहायची आणि गावात मार्शलसाहेबांच्या खालोखाल संशयी म्हणून तिचाच नंबर लागायचा. गेले काही आठवडे तिच्या खुराड्यातली अंडी नाहीशी होत होती. कोल्हा नेतो असं शेजारी म्हणायचे. पण कोल्हा दाराची कडी लावून जात नाही, असं तिचं मत होतं.

हे तिघं पोचले तेव्हा खुराड्यात हलकल्लोळ माजला होता. नारिंगी छत्री एका कोंबड्याच्या डोक्यावर पडली होती आणि तो नवरदेवासारखा मिरवत सैरावैरा पळत होता. रॉकेट पेंढ्यात उताणं पडलं होतं. डबी उघडी होती. आत फक्त कापूस होता.

“फुटलं,” बिक्सबी म्हणाले. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण का कोण जाणे, झाला नाही.

“फुटलं असतं तर बलक दिसला असता,” हॅग्लंड म्हणाला. “घरंगळलंय कुठेतरी. शोधा!”

मार्शलसाहेब गुडघ्यांवर बसले आणि कोंबड्यांच्या पोटाखाली हात घालून एकेक अंडं बाहेर काढून बघू लागले. एका लठ्ठ, पिंगट कोंबडीनं त्यांच्या मनगटाला कडकडून चोच मारली. तिच्याच खाली त्यांना ते सापडलं, आख्खं, सहीसकट.

“मिळालं!” ते ओरडले आणि उठून उभे राहिले, तर समोर मिसेस श्लेगल झाडू घेऊन उभी.

“तरीच!” ती म्हणाली. “तरीच म्हटलं, माझी अंडी कोण नेतंय!”

“बाईसाहेब, हे अंडं माझं आहे.”

“माझ्या कोंबडीखालचं अंडं तुमचं कसं?”

“हे बघा, माझी सही आहे त्याच्यावर!”

मिसेस श्लेगलनं सही पाहिली आणि तिचा आवाज आणखी चढला. “अगं बाई! म्हणजे आधी येऊन सह्या करून ठेवायच्या, मग सवडीनं न्यायची? आणि हा सरकारी माणूस! बाकीच्यांवर कुठे कुठे केल्यात सह्या? दाखवा!”

“अहो, हे आभाळातून पडलंय!”

“मार्शलसाहेब,” मिसेस श्लेगल शांतपणे म्हणाली, “मी जर्मन आहे, खुळी नाही.”

तिला समजावण्यात हॅग्लंडचा घसा बसला. शेवटी रॉकेट, छत्री आणि कोंबडा असा सगळा पुरावा समोर ठेवल्यावर ती थोडी नरमली. हॅग्लंडनं घाम पुसला. “साहेब, अंडं तर आख्खं आहे. मग परवाना?”

“थांबा,” बिक्सबी म्हणाले. “कच्चं आहे कशावरून?”

“तुमचंच आहे की!”

“पण मधे तुमच्या हातात होतं.” आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी अंडं खुराड्याच्या खांबावर आपटलं. बलक त्यांच्या बाहीवरून, टायवरून, पितळी बिल्ल्यावरून सावकाश खाली उतरला.

“कच्चं आहे,” ते म्हणाले.

“हे अंडं रॉकेटनं फोडलं नाही, माझ्या कोंबडीनं फोडलं नाही,” मिसेस श्लेगल लोरेटाला म्हणाली. “मग साहेबांचाच परवाना काढून घ्यायला हवा.”

“सोमवारी या, परवाना देतो,” असं पुटपुटत बिक्सबी घरी गेले.

त्या संध्याकाळी बिक्सबी खुशीत होते. बटाट्याचं सॅलड दोनदा वाढून घेतलं. मनगट दुखत होतं, टाय भिजत घातला होता, तरी मधूनच ती नारिंगी छत्री डोळ्यांपुढे येत होती. तेवढ्यात व्हर्ना फ्रिजमध्ये डोकं घालून म्हणाली, “थर्मन, वाडग्यातलं एक अंडं कुठे गेलं रे?”

“मी नेलं. सरकारी कामाला.”

“अरे, उद्याच्या जेवणासाठी उकडून ठेवली होती ना मी ती!”

बिक्सबींचा घास तोंडातच राहिला. “उकडून?”

“सगळी. काल दुपारीच.”

“अगं, पण ते कच्चं होतं! माझ्या टायवर सांडलं!”

“मग ते माझं नव्हतं,” व्हर्ना म्हणाली.

कोट अर्धा अंगात अडकवून बिक्सबी लाल गाडीत बसले. रस्ताभर त्यांच्या अंगाची लाही लाही होत होती. पुन्हा फसलो! त्या दुकानदारानं फसवलं तसंच या गोष्टीवाल्यानं फसवलं! आणि तेही आपली सही वापरून! हॅग्लंडच्या घराचं दार त्यांनी जवळजवळ ढकललंच. नवरा-बायको स्वैपाकघराच्या टेबलाशी रॉकेटचे पंख चिकटवत बसली होती.

“अंडं बदललंत तुम्ही!” बिक्सबी गरजले.

हॅग्लंडनं लोरेटाकडे पाहिलं. लोरेटानं डिंकाचा ब्रश खाली ठेवला.

“हो,” ती म्हणाली. “बदललं. तुम्ही मोटारीखाली होतात तेव्हा.”

इतकी सरळ कबुली मिळेल असं वाटलं नसल्यामुळे बिक्सबींची पंचाईत झाली. “का?” एवढंच ते म्हणाले.

“तुमचं अंडं बॉनेटवर ठेवलं, तर ते भिंगरीसारखं गरगर फिरलं. कच्चं असं फिरत नाही. मी ह्यांना म्हटलं, साहेबांनी उकडलेलं आणलंय.”

“मला वाटलं, सापळा आहे,” हॅग्लंड म्हणाला. “खाली आल्यावर तुम्ही ते फोडणार, आणि उकडलेलं निघालं की माझ्यावर ढकलणार. खरं सांगा, काय केलं असतंत?”

बिक्सबींनी क्षणभर विचार केला. “तुम्हाला गावाबाहेर काढलं असतं.”

“बघा!”

“मग तिथल्या तिथे सांगायचं होतं, की साहेब, हे उकडलेलं आहे.”

“आणि तुम्ही विश्वास ठेवला असतात?” लोरेटानं विचारलं. “तुम्ही म्हणाला असतात, यांना टोपलीतलं स्वतःचं अंडं घुसवायचंय.”

बिक्सबी खुर्चीवर बसले. ती म्हणत होती ते अगदी खरं होतं. “आणि सही?” त्यांनी हळूच विचारलं.

“ती मीच केली. रेक्स डॅलनच्या सह्या वाचक मागतात, त्यासुद्धा मीच करते. ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.” तिनं शेजारच्या वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलनं भरकन ‘टी. बिक्सबी’ काढून दाखवलं. शेपटी अगदी झोकात आली होती.

बिक्सबी त्या सहीकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी लबाड माणसं पाहिली होती, पण सगळी लबाडी आपल्या फायद्याकडे वळलेली. या दोघांच्या हातात न फुटणारं अंडं आयतं आलं होतं. वर सरकारी सही होती. आणि यांनी खोटी सही करून, गुन्हा करून, त्याच्या जागी फुटणारं ठेवलं होतं. सगळं घरदार त्या एका टरफलावर लावलं होतं. अशा लबाडीला कायद्यात कुठलं कलम लावायचं ते त्यांना सुचेना. त्या पोराचा पंजा त्यांना आठवला. त्या वेळी या दोघांसारखा कुणी दुकानात बसला असता तर, असंही वाटून गेलं.

“आणि ते कच्चं अंडं फुटलं असतं तर?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे माझं रॉकेट वाईट,” हॅग्लंड म्हणाला. “मग पोरांच्या हातात ते द्यायचं तरी कशाला?”

बिक्सबींनी कोटाच्या आतल्या खिशातून परवान्याचा कागद काढला. सोमवारची वाट न बघता त्यांनी टेबलावरचा डिंक बाजूला सारला आणि सही केली. मनगटाला कोंबडीनं चोच मारलेली, त्यात मन भरून आलेलं. पेन जरा हललंच.

लोरेटानं कागद हातात घेतला, दिव्याखाली धरला, तिरपा करून पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“साहेब, राग मानू नका,” ती म्हणाली. “पण ही सही तुमची वाटत नाही. उद्या कुणी पाहिलं तर खोटी म्हणेल.”

बिक्सबींनी कागद परत घेतला. वर्तमानपत्र जवळ ओढलं, आणि तिच्या सहीकडे बघून बघून, एकेक अक्षर गिरवत, त्यांनी पुन्हा सही केली.