शिंकेने जाजम उठविले, ती हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असोत आणि वाचणारास पडसे न होवो. शके सोळाशे, वरचे आकडे कसरीने खाल्ले, दुर्मुखनाम संवत्सरे, भाद्रपदमासी एका दौलतीत पैलथडीची भागू नावाडीण, तिजवर सुभेदारांच्या पालखीचा रुपेरी गोंडा चोरल्याचा आळ आला. गुन्हा शाबीत जाहला तर नाव जप्त आणि भागू हद्दपार. आणि नावेखेरीज तिला दुसरे घर नव्हते, म्हणोन तिच्या जिवाचे पाणी पाणी होत होते. मग न्यायाधीशांनी दोन्ही थडींच्या चिठ्ठ्या काढोन पंच जाजमावर बसविले. रिवाज ऐसा की, सरकारतर्फे फडणीस त्रिंबकपंत यांस जो पंच नको वाटेल, तो कारण सांगोन उठवावा. मग पंतांनी पैलथडीचा एक उठविला, कां की तो शिंकला, हा अपशकुन. आणि दुसरा, कां की पागोटे सैल. आणि तिसरा, कां की जांभई दिली. आणि जाजमावर ऐलथडीचेच तेवढे उरले. भागूने हात जोडोन हरकत घेतली की, माझ्या थडीचा एकही ठेविला नाही. पंत वदले, थडीचा संबंध काय, कारणे पाहावी.

इतक्यात ऐलथडीचे आपाजी शेटे, भाबडे गृहस्थ, पडशाने हैराण, सणसणीत शिंकले. आणि नाक पुसोन, जोडे शोधोन, नियमाप्रमाणे घरी चालू लागले. ते पाहोन शेजाऱ्याने आपले पागोटे चाचपले आणि तोही उठला. आणि जांभई तर सर्वांसच येत होती, कां की पंत सकाळपासून बोलत होते. जाजम ओस पडले. तेव्हां पंत घाबरे होऊन बोलून गेले, "अहो शेटे, बसा. ती कारणे तुम्हांकरिता नव्हती."

न्यायाधीशांनी तपकिरीची डबी मिटली आणि पुसिले, "मग कोणाकरिता होती, पंत?"

पंतांची नजर नदीपलीकडे गेली आणि ती सभेने पाहिली. भागूस हसू आले आणि रडूही आले. मग उठविलेले पंच सन्मानाने परत आणविले आणि शेट्यांस त्यांच्या शेजारी बसविले. साक्षी जाहल्यावर जांभईवाल्याने सहज पुसिले की, पालखीची गादी कोणी झाडली काय? कोणी झाडली नव्हती. मग झाडविली, तो गोंडा खाली पडला.

येणेप्रमाणे भागूची नाव भागूस राहिली. इतर राज्यांत शिंक अशुभ. त्या दौलतीत मात्र पंच बसताना कोणी शिंकला तर सभा म्हणते, शकुन जाहला, आता न्याय चालवावा.