कडुबाच्या घरातली मतं

पडेगावचा वॉर्ड महिला राखीव निघाला, तेव्हा कडुबाला झालेला आनंद वॉर्डातल्या कुठल्याच महिलेला झाला नसेल. उभी राहणार त्याची बायको मुक्ताबाई. सही तिची आणि खुर्ची आपली, असा त्याचा सरळ हिशेब होता. तिकीट मात्र पक्षाचे पुढारी तात्यासाहेब यांच्या हातात, आणि तात्यासाहेब अजून हो म्हणत नव्हते. अशा नाजूक वेळी स्वयंपाकघरातून सुनेचा, मेघाचा, आवाज त्याच्या कानावर पडला. ती फोनवर मैत्रिणीशी बोलत होती.

"काल अडीचशे व्होट पडले, सोनिया! व्हय गं, एक बडा मासा आपल्याकडं वळलाय. त्याचं एक मत शंभरांना भारी. नाय नाय, व्होट विकत नाय घ्यायचे. माणसं हळूहळू जोडायची, पावर आपोआप वाढती."

कडुबाच्या हातातला चहा तसाच निवला. दूधवाल्याने चुकून जास्त माप घातलं, तरी रात्रभर झोप न लागणारा हा माणूस. इथे तर घरातच दुसरी उमेदवार निघाली होती!

त्या दिवसापासून त्याने पाळत धरली. सासू-सून दुपारी दार लोटून बसत. मुक्ताबाई बोले, मेघा मोबाइलवर बोटं चालवी आणि मधेच दोघी खिदळत. तो खाकरत आत गेला की दोघी चिडीचूप. एकदा त्याने दाराआडून ऐकलं, "आत्याबाई, चावी कुणाला म्हंजे कुणाला सांगायची नाय. मामांना तर बिलकुल नाय. चावी गेली की खातंच गेलं." कडुबाने घरातली सगळी कुलपं तपासली. एकाचीही चावी हरवलेली नव्हती, त्यामुळे त्याचा संशय आणखीच बळावला.

शेवटी न राहवून त्याने छावणी भागात तात्यासाहेबांची बैठक गाठली.

"तात्यासाहेब, घात झाला. सून आतल्या आत उभी राहायलीय. शेकड्यानं मतं गोळा करायलीय. तुमच्यातलाच कुणीतरी बडा मासा फोडलाय तिनं."

"पैसे वाटले का?"

"एक छदाम नाय."

"जेवणावळी?"

"आम्हालाच दोन्ही टायमाला पिठलं हाय."

"आन् तरी शेकड्यानं मतं?" तात्यासाहेब सावरून बसले. "अशी बाई घरात असताना तू मला मुक्ताबाईचं नाव सांगायलास व्हय रे?"

संध्याकाळी ते हार-नारळ घेऊन दारात हजर. हाताशी आलेली खुर्ची कडुबाने स्वतःच्या तोंडाने सुनेला देऊन टाकली होती.

हार बघून मेघा मागे सरली. "अहो, ते व्होट ब्लॉगचे! ब्लॉकचेनवर लिहायची जागा असती ती. आवडलं की वाचणारे व्होट देतात, त्याचे आपल्याला टोकन, म्हंजे इंटरनेटवरचे पैसेच, मिळतात. ज्याच्याकडं टोकन लई, त्याच्या व्होटाला वजन. त्याला देवमासा म्हणतात. आपला देवमासा तर ब्राझीलचा हाय. आन् खातं माझं नायच, आत्याबाईंचं हाय; चावी म्हंजे त्याचा पासवर्ड. त्या सांगतात, मी इंग्रजी करून टाकते."

कडुबाचा जीव भांड्यात पडला. "मंग लिहिती काय ही?"

मुक्ताबाईने पदर सावरला. "तुमच्यावरच."

मेघाने वाचून दाखवलं. दाराआडचं खाकरणं, कुलपांची झडती, सगळं बैजवार आलं होतं. तात्यासाहेब हसता हसता खुर्चीतून घसरायचेच राहिले. खाली पोलंडच्या कुणा बाईने लिहिलं होतं, आमचाही असाच आहे.

"खोड ते!" कडुबा ओरडला. "आत्ताच्या आत्ता खोड!"

"खोडता येत नाय, मामा. ब्लॉकचेनवर गेलं की कायमचं."

तात्यासाहेबांनी डोळे पुसले आणि हार मुक्ताबाईच्या हातात दिला. "वहिनी, तिकीट तुमचंच. परमुलखातली माणसं ज्या बाईला मतं देतात, तिला पडेगाव पाडायचं नाय. प्रचाराचं मेघा बघंल."

"आन् मी?" कडुबाने विचारलं.

"तू संशय घेत राहा. निवडणूक होईस्तोवर मजकूर पुरला पाहिजे."

या तिघांचं आधीपासून संगनमत असणार, अशी कडुबाची त्याच क्षणी खात्री पटली. तो तसं बोलणार, तेवढ्यात त्याचं लक्ष मेघाकडे गेलं. मोबाइल सरसावून ती मोठ्या आशेने त्याच्या तोंडाकडे बघत होती. कडुबाने तोंड मिटलं.